मागच्या सीटांचा गारवा

११ जुलै, सोमवार

पुन्हा तेच! पोन्सेहून डायलिसिस करून येताना नवरा एफ्राइन घामाने निथळत होता. आणि मागच्या रिकाम्या सीटांवर छतातून वारा चाललाय — कुणासाठी? पुढचं बटण कधीचंच मोडलंय. मागचा एसी बंद करायचा तर गाडी थांबवून तिसऱ्या रांगेपर्यंत रांगत जायचं. गेले. गुडघे कुरकुरले. बंद केला. तरी पुढे कोमटच हवा!

नवरा म्हणतो, "म्हातारे, तुझी गाडी आणि माझी किडनी एकाच कारखान्यातली दिसते." हसू आलंच.

१२ जुलै

गॅरेजवाल्या चेओला गाडी दाखवली. "मागच्या एसीचे पाइप खालून गंजलेत, नेरेइदा. गॅस तिथून गळतो. नुसतं बटण बंद करून काय होणार? पाइप कापतो, तोंडं बुजवतो. पुढे थंडी वाजेल बघ! मागचं मात्र कायमचं गेलं." नवे पाइप? "या गाडीचे आता कुठे मिळतात!"

'कायमचं' ऐकलं आणि किल्ली उचलून घरी आले.

मागे माझी नातवंडं बसायची. लेक झोराइदा त्यांना घेऊन ऑरलँडोला गेली, तेव्हापासून दर नाताळला म्हणते, "मामी, यंदा नक्की." आईला 'मामी' म्हणायची तिची सवय अजून तशीच. मागचा एसी कापला म्हणजे ती येणार नाहीत हे मीच कबूल केलं. नाही करणार!

१३ जुलै

झोराइदाचा फोन. आवाज बसलेला. "सर्दी आहे, मामी." पोरांना दे म्हटलं, तर बाहेर गेलीत म्हणे. गेल्या रविवारीही बाहेरच होती.

धाकटा मार्कोस नारळाच्या लिंबेरचा, त्या गोठवलेल्या सरबताचा, पेला छताच्या जाळीशी धरून बसायचा — बर्फ वितळू नये म्हणून! तरी सगळा चिकट रस सीटवर. तो डाग मी अजून घासला नाही. मला ती पोरं हवीत. बस.

१५ जुलै

एफ्राइन गाडीत बेशुद्ध पडला. रस्त्याकडेला थांबून पाणी मारलं, गालावर चापट्या मारल्या. डोळे उघडून पहिलं काय बोलला? "मागचं कापू नकोस हं. पोरं येतील. मी काच खाली करून बसेन."

शेजारी जिता माणूस उकडून निघतोय आणि मी रिकाम्या सीटा जपतेय! स्वतःची लाज वाटली. खूप रडले.

१६ जुलै

कापले. चेओने विचारलं, "तुकडे ठेवायचेत का?" नको म्हटलं. पुढे इतकं गार झालं की एफ्राइनने स्वेटर मागितला — जुलैत!

२० जुलै

येताना तो घोरत होता. किती दिवसांनी! बरं वाटलं. आरशातून मागे बघायचं मात्र अजून टाळते.

२३ जुलै

झोराइदा आली! न कळवता — थेट पोन्सेच्या विमानतळावरून फोन, "मामी, घ्यायला ये." मागच्या सगळ्या काचा उघडल्या, बर्फाची पेटी भरली, पोरांना ओले टॉवेल घेतले. विमानतळाच्या दारात ती एकटीच उभी, दोन बॅगा घेऊन. पोरं? "कोर्टाने त्यांच्या बापाला दिली, मामी." पार मागच्या सीटवर जाऊन बसली. तिथे उकडतंय, पुढे ये म्हटलं. आली नाही.