मातीच्या वेळी प्रार्थना मनिषानेच करावी

मी, सगुणाबाई दिनकरराव साळवे, वय ७४, निवृत्त परिचारिका, राहणार पूर्णा, जिल्हा परभणी, देवाला स्मरून हे लिहून ठेवते. गुडघे गेले असले तरी डोके जागेवर आहे. मला कोणी धमकावलेले नाही की गोड बोलून वळवलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर मी माझ्या पगारातून बांधले असून ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझी एकुलती एक मुलगी मनिषा हिला द्यावे. तिने धर्मशिक्षण पूर्ण केले, वस्त्यावस्त्यांतून उपदेश केला. तरी ती बाई म्हणून आमच्या चर्चच्या मंडळीने सभा घेऊन तिला पाळकपदाची, म्हणजे पास्टर होण्याची, दीक्षा नाकारली.

त्या सभेत पंचांचा अध्यक्ष, म्हणजे माझाच धाकटा भाऊ सूर्यभान, याने बायबलातल्या पौलाच्या पत्राचा आधार दिला, की बायांनी मंडळीत गप्प राहावे. मी उठून म्हणाले, "त्याच पौलानं फीबीबाईला मंडळीची सेविका म्हटलंय. ते पान पण वाच की!"

तो म्हणाला, "आक्का, शब्द माझा न्हाई, देवाचा हाय. मी कसा बदलू?"

माझा भाऊ ढोंगी नाही, हे इथे मुद्दाम नोंदवते.

२. शिलाई मशीन आमच्या पाळकांच्या पत्नी सविताबाई यांना द्यावी. कारण सांगते. माझे यजमान रेल्वेत गार्ड होते. "माझ्या मातीला मनिषानं प्रार्थना करावी," असे ते सांगून गेले. पण सूर्यभान कबरस्तानाच्या फाटकात आडवा उभा राहिला.

मनिषा म्हणाली, "मामा, विधी पाळकच करतील. मी नुसती प्रार्थना करते."

"बाईनं न्हाई करायची."

ती भांडली नाही, बाहेरच थांबली. मीही तिच्याजवळ रस्त्याच्या कडेला बसले. जन्माच्या सोबत्याला माझ्यावाचून माती दिली गेली. आत पाळक प्रार्थना म्हणत असताना सविताबाई एकट्या उठून बाहेर आल्या आणि आमच्या शेजारी धुळीत बसल्या.

सगळे उरकल्यावर सूर्यभान बाहेर आला. "आक्का, माझं चुकलं का गं?" मी तोंड फिरवले. तेव्हापासून तो रोज दूध आणून देतो; आम्ही दोघे त्या दिवसाबद्दल बोलत नाही.

३. चर्चशेजारचा माझा प्लॉट मंडळीला बिनशर्त द्यावा. तिथे वेगळी मंडळी काढा, असे पुष्कळांनी सुचवले. मनिषा म्हणाली, "आई, मला दुसरं चर्च नको. मला ह्याच चर्चात उभं राहायचंय." म्हणून तिथे पाळकांसाठी घर व्हावे, अशी माझी नुसती इच्छा आहे, अट नाही. पुढे त्यात कोणता पाळक राहील, की कोणती पाळकीण, ते देव बघेल.

४. माझ्या मातीच्या वेळी प्रार्थना मनिषानेच, कबरीजवळ उभे राहून करावी. ही इच्छा पार पाडण्याची जबाबदारी मी सूर्यभानवर टाकते. त्याला मी काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये, असे वकील म्हणाले, आणि मला त्याचीच साक्ष हवी आहे. त्याच्यावरचा राग मात्र या कलमासरशी मिटला.

ठिकाण : पूर्णा
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४
सही : सगुणाबाई दिनकरराव साळवे

साक्षीदार :

(१) डॉ. धम्मशीला खंदारे, पूर्णा. सगुणाबाईंना मी तपासले. त्या पूर्ण शुद्धीत असून त्यांनी माझ्यासमोर सही केली.

(२) सूर्यभान शिरसाठ, पूर्णा. आक्काने माझ्यासमोर सही केली. कलम चार वाचले. पौलाविषयी माझे मत बदललेले नाही. मनिषाला कबरीपर्यंत मी स्वतः हाताला धरून नेईन.