भाऊजींच्या गाडीचे ब्रेक

प्रिय ताई,

दोनदा फोन लावला आणि तू उचलायच्या आत ठेवून दिला. बोलणं काही जमेना, म्हणून लिहितोय.

गाडीचं काम झालं. पुढचा चेपलेला भाग सरळ केलाच होता, राहिले होते ब्रेकचे पाइप. गाडीखाली आडवा झालो की गंजाचा चुरा डोळ्यांत पडायचा. नट असे धरून बसले होते, की पाना लावला तर नटाऐवजी पाइपच पिळवटून यायचा. शेवटी सगळे कापून काढले आणि पुढून मागेपर्यंत नवे घातले.

नव्या पाइपांत ऑइल भरताना हवा अडकते. ती काढायला एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकापाशी बसायचं. काल तुझी लेक आली होती, म्हणाली, पेडल मी दाबते. सीट पुढे ओढून, पाठ ताठ करून, अगदी भाऊजींसारखी बसली. मी खालून ‘दाब’ म्हणायचो, ‘सोड’ म्हणायचो. मध्येच ती म्हणाली, “मामा, मी बाबांसारखी घाई नाही करणार हं. आईला तसं कबूल केलंय.” मला पुढचं ‘सोड’ म्हणायचं सुचलंच नाही. ती बिचारी तशीच पेडल दाबून बसून राहिली.

ताई, भाऊजी घाईत नव्हते.

अपघाताच्या महिनाभर आधी ते इंजिनचं ऑइल बदलायला आले होते. मागच्या चाकाकडे जाणारा पाइप मला तेव्हाच दिसला. नख लावलं तरी गंजाचे पापुद्रे निघत होते. दारात आणखी चार गाड्या उभ्या, मी वैतागलेलो. ब्रेक कसे आहेत, हे त्यांनी स्वतःहून विचारलं. मी म्हणालो, “चालतील अजून.”

उतारावरून भिंतीवर आदळलेली ती गाडी ओढून माझ्याकडेच आणली. तोच पाइप फुटला होता. एवढ्या जुन्या गाडीत एक फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. किती का दाबेना माणूस, पेडल नुसतं खाली जातं. पाइपावरची ऑइलची ओल मी फडक्याने पुसून टाकली. तपासायला आलेल्या माणसाने ‘अतिवेग’ लिहिलं, मी गप्प बसलो. तू रडत रडत त्यांनाच बोल लावत होतीस, शेवटपर्यंत यांची घाई सुटली नाही म्हणून. मी तुझ्या शेजारी बसून मान डोलावत होतो.

दोन वर्षं तू त्यांच्यावर रागावून आहेस. घरात त्यांचा फोटोसुद्धा लावू दिला नाहीस. त्या रागाचे धनी ते नाहीत, मी आहे. एवढं सांगण्यासाठीच हे पत्र. लेकीला मी काही बोललो नाही, ते तू ठरव. गाडी मात्र माझ्या भरवशावर नेऊ नका, आधी दुसऱ्या मेकॅनिकला दाखवा. चावी शेजारच्या टायरवाल्याकडे ठेवली आहे. म्हणजे तुला माझं तोंड बघावं लागणार नाही.

तुझाच,
धाकटा