सहा चॅपलं आणि तुझं फाटक

केर्गोझ,
१२ जून, शुक्रवार

प्लुगारेक गावाचे सन्माननीय जावई श्री. गुल्वेन यांस थोरली बहीण गाइद हिचा नमस्कार. (खरं तर मोठ्या बहिणीने आशीर्वाद द्यायचे असतात, पण तुझ्या वाट्याचे आशीर्वाद नऊ वर्षांपूर्वी संपले, ते अजून भरून आलेले नाहीत.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? वहिनीचा रक्तदाब? कोंबड्या अंडी देतात ना? उत्तर पाठवू नकोस, पत्रात विचारायची पद्धत असते म्हणून विचारलं. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे काहीही क्षेम नाही आणि मी सोमवारपासून रागाने नुसती धुमसते आहे. ओढ्यापलीकडे तीन किलोमीटरवर राहणाऱ्या सख्ख्या भावाला टपालाने पत्र धाडायचं, यातच सगळं आलं. काल तिकीट घ्यायला गेले तर टपालवाला यान रिकामं पाकीट उलटंसुलटं करून म्हणाला, "गाइदमावशी, काठावर उभं राहून हाक मारलीत तरी पोचेल की! तिकीट कशाला वाया घालवता?" मी म्हटलं, "हाक मारायला आधी बोलणं असावं लागतं बाबा. तू गपचूप तिकीट दे."

तर मुद्दा. आपल्या गावात मस्ये बर्त्रां नावाचा गृहस्थ राहायला आलाय. पॅरिसचा निवृत्त दातांचा डॉक्टर. (सुताराचं जुनं घर घेतलं आणि खिडक्यांना असा निळा रंग दिला की गायी बिचकतात.) या माणसाने गावात पायी फिरणाऱ्यांची समिती काढली, स्वतःच तिचा अध्यक्ष झाला आणि एक गोल फेरी आखली. मोठ्या चर्चपासून निघायचं, शेताशेतांतून संतांची छोटी चॅपलं बघत चौदा किलोमीटर चालायचं आणि परत चर्चशी यायचं. झाडांवर, खांबांवर पिवळे पट्टे मारलेत. त्याचं पत्रक वीस तारखेला छापायला जाणार आहे, आणि महापौरांनी भर सभेत सांगितलंय की पत्रकात ज्या चॅपलांची नावं येतील त्यांची छपरं आधी दुरुस्त होतील. आता आपल्या संत तेवालच्या चॅपलच्या छपराची उत्तर बाजू फेब्रुवारीच्या वादळात गेली, हे तुला माहीत नसणार. वेदीच्या डाव्या हाताला मी दोन बादल्या ठेवल्यात आणि संताच्या डोक्यावर ताडपत्री बांधलीय. कोळंबी विकायला बसल्यासारखा दिसतो बिचारा. महापौर म्हणाले, आणखी एक हिवाळा असाच गेला तर दाराला फळ्या ठोकून धोक्याची पाटी लावावी लागेल. म्हणजे जत्रा बंद. पणजीपासून आपल्या घरात खिळ्याला असलेली किल्ली माझ्या हयातीत निकामी होणार. आणि पत्रकाचा कच्चा कागद पाहिला तर त्यात चॅपलं सहा. संत तेवालचं नाव नाही! तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच एप्रन न सोडता त्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

तर तो म्हणतो कसा, "मादाम, फेरी म्हणजे फेरी. आलेल्या वाटेने परत फिरवलं की लोकांचा विरस होतो. तुमच्या चॅपलपाशी जाता येतं, पण तिथून पुढे निघायला वाट नाही. एक फाटक आहे, त्याला साखळी. दुसरा रस्ता ट्रकांचा." फाटक कोणाचं, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. मी म्हटलं, उद्या माझ्याबरोबर चला, अख्खी फेरी मी दाखवते, मग बोला. माझा हिशेब साधा होता. सहा चॅपलं बघून माणूस इतका दमेल की सातव्याला नाही म्हणायची ताकद त्याच्यात उरणार नाही.

पत्रकात त्याने वेळ लिहिली होती चार तास. अरे, ज्याने ही फेरी आखली त्याने एकाही चॅपलचं दार आजवर उघडून बघितलं नव्हतं! भिंती बघायच्या आणि पुढे जायचं. मी म्हटलं, हे काय बघणं झालं? ज्या घरी किल्ली असते तिथे मागा. आणि किल्ली मागायची म्हणजे काय हे तुला सांगायला नको. पहिल्याच घरी काटेलने त्याला बसवलं, वाडगाभर कॉफी पुढे ठेवली, आलुबुखारा घातलेल्या अंड्या-दुधाच्या केकचा विटेएवढा तुकडा ठेवला, आणि तो संपेपर्यंत किल्लीकडे बघितलंसुद्धा नाही. तो सारखा घड्याळ बघतोय आणि काटेल त्याला आपल्या पित्ताशयाची हकीकत सांगतेय. दुसऱ्या घरी कॉफी, लोण्याचा केक, आणि कॉफीच्या उरलेल्या घोटात सफरचंदाची कडक दारू. "नको" म्हणाला. म्हाताऱ्या बिएलने किल्ली काढली ती परत खिळ्याला लावली. मग प्याला. तेव्हा किल्ली आली. अकरा वाजले होते आणि आम्ही चर्चपासून तीन किलोमीटरवर होतो.

तिसऱ्या चॅपलात तर कहरच झाला. तिथला संत यंदा भिंतीकडे तोंड करून उभा आहे. गवत कापून पडलेलं असताना त्याने चार दिवस पाऊस पाडला म्हणून किल्ली सांभाळणाऱ्या लेनाने त्याला शिक्षा दिलीय, ख्रिसमसपर्यंत. आम्ही सगळे मान खाली घालून बाजूने निघून जातो; घरगुती बाब आहे, आपण कशाला बोला. या शहाण्याने काय करावं? फोटो नीट यावा म्हणून संताला खांद्याला धरून सरळ फिरवला! लेना दारातून ओरडली, "अहो, त्याची शिक्षा संपली नाही अजून!" पण उशीर झाला होता. दहा मिनिटांत असा पाऊस आला की पत्रकाच्या कागदाचा लगदा झाला. लेनाची धुतलेली अंथरुणं दोरीवर होती. ती त्याला काय काय बोलली ते लिहीत नाही, कारण हे पत्र वहिनी आधी उघडणार.

चौथ्या घरापर्यंत त्या दारूने आपलं काम केलं होतं. मस्ये बर्त्रां खुशीत आले आणि आपण दातांचे डॉक्टर असल्याचं बोलून बसले. झालं! जाकेझने किल्ली द्यायच्या आधी तोंड उघडलं. मग त्याच्या बायकोने. मग शेजारच्या दोन घरांतली माणसं खुर्च्या घेऊनच आली. भर स्वयंपाकघरात खिडकीकडे तोंड करून ओळीने बसलेली ती पाच उघडी तोंडं बघून मला लाज वाटली. (माझी दाढ मी सर्वांत शेवटी दाखवली. काढायला हवी म्हणतो.) पाचव्या आणि सहाव्या चॅपलात ही बातमी आमच्या आधीच पोचली होती, तेव्हा ते सविस्तर लिहीत नाही. चार तासांची फेरी, आणि संत तेवालशी पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून गेले होते.

मी दार उघडलं. तो आत गेला आणि त्याने टोपी काढली. तुळयांवरचे कोरलेले कोल्हे बघितले, आजोबांनी रंगवलेला देवदूत बघितला, बादल्या बघितल्या. मग हळूच म्हणाला, "सहांपेक्षा हेच सुंदर आहे." मी मनात म्हटलं, आली गाडी रुळावर. आणि बाहेर पडून पन्नास पावलं गेलो तर समोर काय? तुझं फाटक! आपल्या आईची शवपेटी ज्या वाटेने मोठ्या चर्चकडे गेली, ती वाट. तिच्यावर तुझी साखळी, आणि साखळीला मुठीएवढं कुलूप. पलीकडे दोनशे पावलं तुझं रान, मग थेट चर्चचा रस्ता. दोनशे पावलं, गुल्वेन! चौदा किलोमीटर चालून फेरी अडली ती तुझ्या दोनशे पावलांवर. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हा.

मस्ये बर्त्रांने काठी फाटकावर आपटली आणि म्हणाला, "कोण हा गाढव?" आता ऐक. त्या क्षणी माझं डोकं इतकं फिरलं, की मी त्याला म्हटलं, या पंचक्रोशीत त्याला गाढव म्हणायचा हक्क फक्त मला आहे, पॅरिसच्या लोकांना नाही. मग सावरून म्हटलं की साखळी मीच लावलीय, आत बैल आहे. (तुझ्या इभ्रतीसाठी मी वयाच्या बहात्तराव्या वर्षी चॅपलच्या दारात खोटं बोलले.) मला वाटलं तो घाबरेल. पण पोटात सहा घरांचा पाहुणचार! म्हणाला, मी बैलाला भीत नाही, आणि चढला फाटकावर. वर जाऊन पाय पलीकडे टाकला, तोच तुझ्या त्या गंजक्या खिळ्यात पँट अडकली. ना इकडे ना तिकडे. काठीने पँट सोडवता सोडवता माझ्या नाकी नऊ आले. वर लटकल्या लटकल्या त्याने सगळं रान न्याहाळलं. तिथे काटेरी झुडपं आणि एक ससा. विचारतो, "मादाम, बैल कुठाय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बैल सासरी राहतो."

त्यावरून त्याला सगळं समजलं. मूर्ख नाही तो. खाली उतरला, फाटलेल्या पँटवर मागून टोपी धरली आणि म्हणाला की वीस तारखेपर्यंत फाटक उघडलं तर सात चॅपलं, नाहीतर सहा. मालकाला मीच पत्र लिहितो म्हणत होता. मी म्हटलं खबरदार, त्याला लिहायचं ते मी लिहीन. म्हणून हे लिहिलं.

तेव्हा मनात आहे ते सगळं आता ऐकूनच घे. तू दोन वर्षांचा होईपर्यंत चालत नव्हतास. ज्या संताकडे आया अशी पोरं आणतात त्या तेवालभोवती तुला तीन फेऱ्या घालायला आईने मला सांगितलं. मी आठ वर्षांची होते. तुझ्या काखेत हात घालून मी तुला ओढत फिरवला, तू माझ्या बुटांवर ओकलास, आणि तिसऱ्या फेरीला पाऊल टाकलंस. त्या पायांनी चालत जाऊन तू त्याच संताच्या वाटेला साखळी घातलीस! कशासाठी? तर नऊ वर्षांपूर्वीच्या जत्रेत मी तुला पॅनकेकच्या टेबलावर चारचौघांत घरजावई म्हटलं म्हणून. मग काय म्हणायचं होतं? तू सासरच्या गावाचं निशाण खांद्यावर घेऊन आलास. झऱ्यापाशी दोन गावांची निशाणं समोरासमोर येतात, दोन्ही वाकतात, माथ्याला माथा लावतात. ही भेट झाल्याशिवाय जत्रेला जत्रा म्हणत नाहीत. त्या वर्षी दोन निशाणांत वीतभर अंतर राहिलं. भेट झालीच नाही. सगळं गाव म्हणालं की गुल्वेनने निशाण पुरतं वाकवलं नाही, सासरी जाऊन ताठ झाला. तू म्हणालास, वारा होता. वारा!

आणखी काही लिहायचं नाही. मी तुझ्याकडे काही मागत नाही, मागणारही नाही. फाटक तुझं, रान तुझं, साखळी तुझी. हिवाळ्यात छप्पर खाली आलं की आवाज ओढ्यापलीकडे येईलच.

तुझी (नाइलाजाने) थोरली बहीण,
गाइद

ता. क. मागत नाही म्हणजे नाही. पण कधी उघडावंसं वाटलंच, तर किल्ली सहज फिरणार नाही, कुलूप आतून गंजलंय. मी मंगळवारी त्यात तेल सोडलं. बुधवारी परत सोडलं.

ता. क. वहिनीला माझा नमस्कार सांग. घरजावई म्हटलं ते तिला लागलं असेल, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. तिने त्या वर्षी आणलेला केक चांगला होता. मी दोनदा घेतला होता, तोंडावर सांगितलं नाही.

ता. क. यान दारात सायकल धरून उभा आहे, म्हणून भराभर लिहिते. त्या वर्षी आपल्या निशाणाची डावी दोरी माझ्याकडे होती. वाऱ्यात ती ताठ धरायची आणि भेटीच्या वेळी ढिली सोडायची, हे पोरीबाळींनाही कळतं. तुला त्यांच्या निशाणाखाली येताना बघितला आणि मी दोरीचे दोन वेढे मनगटाला घेतले. तुझं निशाण पुरतं वाकलं होतं, गुल्वेन. आपलं वाकलं नाही, मी वाकू दिलं नाही. लोक तुला बोलले, आणि मी बोलू दिलं. हे मी फादरांनाही सांगितलेलं नाही. फाटकाचं तुला वाटेल ते कर. पण जत्रा सव्वीस जुलैला आहे. त्यांचं निशाण घेऊन ये. या वेळी दोरी मी धरणार नाही.