बाजारामागचं स्टेशन

रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय भुंग्या,

मोठ्या बहिणीचा आशीर्वाद आधी घे, मग पुढचं वाच. आम्ही इकडे बरे आहोत. तूही बरा असशील, फोनवर आवाज तरी तसा वाटतो. घरात फोन असताना ही बाई पत्र कसलं लिहीत बसली, असं म्हणशील. अरे, फोनवर तू "बाबा कसे आहेत" विचारतोस, मी "ठीक" म्हणते, मग तू इकडचं हवामान विचारतोस. त्यात माझं काही सांगून होत नाही. आणि फोनवर मला रडू आलं तर तू घाबरशील. कागदावर आलं तर फार तर शाई फुटेल.

आधी बातमी. आपली मालिका पुन्हा लागली होती. हो, तीच, आपल्या गल्लीत शूटिंग झालेली. कुठल्याशा वाहिनीने जुनं सगळं उकरून काढलंय, रोज दुपारी एक भाग दाखवायचे. चित्र जरा पिवळट दिसतं, पण आपलं शहर काय देखणं दिसतं रे त्यात! टेकडी अख्खी दिसते, आता तिच्यापुढे इमारती उभ्या राहिल्यात. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर माणसं बसलेली दिसतात, बेकरीचा लाल दरवाजा दिसतो. मी मशीनवर बाह्या जोडता जोडता बघत बसायचे आणि गिऱ्हाइकाची डावी बाही उजवीकडे लावायचे. उसवा आणि पुन्हा शिवा, दुसरं काय.

आपली गॅलरी दिसली तेव्हा मात्र मशीन थांबवलं. आठवतं तुला? पहिल्यांदा गॅलरी दिसली तेव्हा दोरीवर नेमकी आपली ठिगळ लावलेली चादर होती, आणि आईने डोक्याला हात लावला होता. सगळ्या शहराला माझं ठिगळ दाखवलं म्हणून दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. त्यानंतर शूटिंगची गाडी दिसली की अख्खी गल्ली ट्रंकेतल्या कोऱ्या चादरी काढून वाळत घालायची. दिग्दर्शक हात जोडून सांगायचा, बायांनो, ही गरिबांची वस्ती दाखवायची आहे, काहीतरी जुनं घाला. कोण ऐकतंय! त्यामुळे मालिकेतले लोक भाकरीला महाग, पण चादरी राजवाड्यातल्या. आई त्यात कुठेच दिसत नाही. तिची निळी चादर तेवढी दिसते. ती दिसली की मला आई दारामागेच उभी आहे असं वाटायचं.

आणि बाबांचं समालोचन! शेजाऱ्यांकडे टीव्ही होते, तरी सगळे आपल्याकडे यायचे, ते मालिका बघायला थोडेच. जन्मभर याच रस्त्यांवर बस चालवलेला माणूस. नायिका ग्रंथालयातून निघून डावीकडे वळली आणि पुढच्या क्षणी नदीवर उभी राहिली की बाबा खुर्चीतून उठायचे. ही उडत आली का, मधला कारखान्याचा रस्ता कोणी गिळला, असं टीव्हीलाच विचारायचे. नायिकेचं लग्न मोडलं त्या भागात शेजारच्या काकू डोळे पुसत होत्या आणि बाबा त्यांना समजावत होते की त्या मांडवातून दवाखान्यात जायला दोन बस बदलाव्या लागतात. काकू रडता रडता हसायला लागल्या.

तू त्या शूटिंगवाल्यांच्यात जायला लागलास तेव्हापासून मात्र ते हसणं संपलं. आधी नुसत्या वायरी उचलायचास, मग रंगकाम. जेवताना तू बाबांना पटवायला बघायचास की एक दार इकडचं, खोली तिकडची, जोडून दाखवलं की झालं, बघणाऱ्याला काही फरक पडत नाही. बाबा म्हणायचे, मला पडतो. खऱ्या स्टेशनात शूटिंगची परवानगी मिळाली नाही म्हणून तुम्ही बाजारामागे, टायरवाल्याच्या आवारात स्टेशन उभं केलंत. एक बाक, थोडं कुंपण आणि तू रंगवलेली पाटी. शेवटच्या भागात धाकटा मुलगा तिथूनच घर सोडून जातो. आणि तो भाग लागल्यावर तू परीक्षा टाकून त्यांच्याबरोबर निघालास.

बाबा तेव्हा जे बोलले ते मी इथे लिहिणार नव्हते. पण पुढचं सांगायचं तर लिहावंच लागेल. "लोकांना चुकीच्या रस्त्याला लावायचा धंदा करायचा असेल, तर या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस." तू टाकलं नाहीस. आई गेली तेव्हाही दवाखान्यातून परस्पर परत गेलास. तुम्ही दोघं एका माळेचे मणी, आणि मी मधली गाठ. दोन्हीकडून ओढ मलाच.

आता खरं काय ते लिहिते. बाबा ठीक नाहीत, भुंग्या. गेल्या वर्षापासून विसरतात. आधी चष्मा, मग दिवस, मग माणसं. मी तुला सांगितलं नाही, कारण तू फक्त काळजी करशील आणि येणार नाहीस असं वाटलं, आणि त्याचा मला राग आला असता.

मालिका पुन्हा सुरू झाली आणि बाबा खूश. पण उठून भांडेनात. नायिका ग्रंथालयातून नदीवर पोचली तरी मान डोलवत बसलेले. मग एके दुपारी मी गिऱ्हाइकाचं माप घेत होते, तेवढ्यात हे काठी घेऊन बाहेर पडले. शोधून शोधून पायांचे तुकडे पडायची वेळ आली, तेव्हा टायरवाल्याचा फोन. म्हातारा टायरवाला गेला, आता त्याचा मुलगा बसतो, जाडसर, शांत आहे. म्हणाला, "ताई, आजोबा माझ्याकडे आहेत. गाडी कधी येते विचारतायत."

गेले तर बाबा जुन्या टायरच्या ढिगावर ताठ बसलेले, डोक्यावर टोपी. मी म्हटलं, बाबा, स्टेशन नदीपलीकडे, तुम्हीच तर तिकडे बस न्यायचात. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. रोज टीव्हीत बघतेस आणि तरी तुला रस्ता कळत नाही, म्हणाले. ज्यांनी सगळ्या शहराला रस्ते शिकवले, ते आता तुमच्या मालिकेतल्या शहरात राहायला गेले होते. मला हसावं की रडावं कळेना.

तेव्हापासून रोजचंच झालं. भाग संपला की टोपी, काठी आणि बाजारामागे. अडवलं तर चिडतात, म्हणून मीच दुकान बंद करून बरोबर जाते. टायरवाल्याने त्यांच्यासाठी खुर्ची ठेवलीय. बाबा त्याला स्टेशनमास्तर म्हणतात आणि तोही न हसता सांगतो की आज गाडी लेट आहे, चहा घ्या. देव त्याचं भलं करो. मला वाटायचं, बाबा मालिकेतल्या त्या पोराची वाट बघतायत. पडद्यावर तो दिसला की त्याला "जेवलास का" विचारायचे ना. मनात म्हणायचे, सख्खा मुलगा राहिला बाजूला आणि जीव लागला कोणाला, तर त्या पावडर लावलेल्याला. तुझ्या वतीने मीच रुसून बसले होते.

मागच्या आठवड्यात मालिका संपली. त्या जागी स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला. सुटलो बाई, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी टोपी घातली.

मी तिथे त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, बाबा, संपली मालिका. तो मुलगा गेला, आता येणार नाही.

"तो नाही गं," बाबा म्हणाले. "त्याला त्याच्या बापाने रुमाल हलवून निरोप दिला. आपल्या पोराला मी घरात पाऊल टाकू नकोस म्हणालो होतो. हट्टी आहे तो, ऐकलं असेल त्याने. येऊन इथेच कुठेतरी बसला असेल. मीच न्यायला यायला हवं."

इतकं सरळ, इतकं स्वच्छ बोलले. गेल्या वर्षभरात असं बोलले नव्हते. मी तिथेच टायरवर बसून रडले आणि टायरवाला आत जाऊन उगाचच एक चाक बडवत राहिला. बाबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, येईल गं, लेट आहे.

परवा सकाळी ते दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि मला म्हणाले, "बाई, माझी पँट झाली का?" परक्या गिऱ्हाइकासारखे, अगदी अदबीने. मी त्यांचीच एक पँट घडी घालून दिली. त्यांनी आभार मानले. संध्याकाळी पुन्हा मी त्यांची लेक होते. डॉक्टरीणबाई म्हणतात, हे असंच वरखाली होत राहील आणि वर येणं हळूहळू कमी होईल. औषधाने वेळ थोडा लांबतो, गेलेलं माघारी येत नाही.

तर आता ऐक. घरी येऊ नकोस. तुला शब्द मोडायला नको आणि त्यांनाही मोडायला लावायला नको. दुपारी गाडीतून उतर, बॅग घे आणि सरळ बाजारामागे ये. टायरवाल्याला मी सांगून ठेवलंय. बाबा कदाचित तुला ओळखणार नाहीत, तशी मनाची तयारी ठेव. पण त्या खुर्चीत बसलेले असताना ते तुझ्याच वाटेकडे डोळे लावून असतात, तेव्हा ओळखतील असं माझं मन म्हणतं. तू काही बोलू नकोस, माफी नको, हिशेब नको. नुसता समोर उभा राहा. ते म्हणतील, चल घरी.

तेवढे दोन शब्द त्यांच्याजवळ अजून आहेत, भुंग्या. किती दिवस राहतील, मला माहीत नाही.

उत्तर लिहीत बसू नकोस.

ताई