मागची रिकामी सीट

लंबू,

चिऊला तुझ्या आईंकडे सोडलंय. दुधाच्या दोन बाटल्या दिल्यात, बाकीच्या फ्रीजमध्ये आहेत, त्या घेऊन तूही तिकडेच जा. मी ताईकडे चाललेय. फोन करू नकोस, मीच करेन.

सकाळी त्या गाडीची ट्रायल घेतली. तुझ्या सगळ्या अटींत बसते. डिकीत बाबागाडी मावते, पुढे तुझे गुडघेही आपटणार नाहीत. चिऊची सीट मागे लावून बघायची म्हणून तिला रिसेप्शनवरच्या बाईंकडे दिलं. सीट लावली, सेल्समन शेजारी बसला आणि मी निघाले. रस्ता मोकळा होता. काय पळते रे गाडी! बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मी गाणं गुणगुणत होते.

सिग्नलला सेल्समन म्हणाला, "बघा मॅडम, बाळाची सीट जरासुद्धा हलली नाही." मी आरशात पाहिलं. सीट रिकामी होती. आपल्याला मूल आहे, हे पंधरा मिनिटं मी साफ विसरले होते. त्या बिचाऱ्याला वाटलं होतं, मी मुद्दामच तिला ठेवून आले.

परत गेले, तर चिऊ त्या बाईंच्या खांद्यावर गाढ झोपलेली.

तू म्हणशील, झोप नाही ना तुला, होतं असं. पण काळजात धस्स झालं ते नंतर रे. आधी मनात आलं, आता परत जावं लागणार.

शोरूमवाले संध्याकाळी फोन करतील. गाडी नको म्हणून सांग.