चटयांवरचं लोखंड

४ फेब्रुवारी, मंगळवार
फासे म्हणे! आम्ही पाखरांना फासे लावतो!
तळ्याच्या ऑफिसातल्या साहेबाने फोटो पुढे सरकवला. पाणकणसाचे शेंडे एकत्र ओढून मारलेली गाठ. म्हटलं, साहेब, आत घरटं आहे, इथे विळा घालू नका, याची ती खूण. तीस वर्षं हे पाणकणीस कापतेय मी, चटयांसाठी. गाठीच्या आतलं एक पातं कुणी तोडत नाही. तर म्हणतो, “मावशी, अहवाल तयार झालाय.” मावशी! माझ्याएवढाच आहे मेला, टक्कल पडलंय!
सोमवारी सुनावणी. कापणी बंद केली तर चटया कशाच्या विणू? त्याच्या टायच्या?

५ फेब्रुवारी
शेजारीण म्हणते, मोठ्यांच्या नादी लागू नकोस. तिला म्हटलं, तू बस तोंडात गुळणी धरून.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
अक्षरावर बोट ठेवून अहवाल वाचला. मोठ्याने. पक्षी कमी झाले — कापणाऱ्यांमुळे. मासे कमी झाले — कापणाऱ्यांमुळे. उद्या म्हणतील, पाऊसही आम्हीच पळवला!
आणि तो कागदाचा कारखाना? बंद पडला म्हणून धुतल्या तांदळासारखा? मी दहा वर्षांची होते. काळं, फेसाळ पाणी. मासे पोट वर करून काठाला लागलेले, पाणकोंबड्या गाळात चिकटून मेलेल्या. त्यावर यांची एक ओळ — ‘सांडपाणी सोडल्याचा पुरावा नाही.’ अरे, तळाशी हात घाल, कोपरापर्यंत काळा होईल!
बाबा खाटेवरून ऐकत होते. जेवले नाहीत. म्हटलं, तुम्हाला काय झालं रुसायला?

९ फेब्रुवारी, रविवार
विणलेली चटई वळू नये म्हणून मी वर एक लोखंडी दांडा ठेवते. लहानपणापासून घरात आहे, कुठला ते कधी विचारलं नाही. आज ठेवताना बाबा म्हणाले, “कारखान्याच्या झडपेचा आहे तो. काळं पाणी सोडायला रोज मीच फिरवायचो.”
बापाला शिवी दिली मी. तोंडावर! आई त्याच पाण्यात कपडे धुवायची, हात सोलून निघायचे तिचे. दिसत नव्हतं तुम्हाला?
म्हणाले, “दिसायचं.”
गाठ मारायला मला त्यांनीच शिकवलं. एकदा घरटं कापलं गेलं तर थोबाडीत दिली होती. तेव्हा वाटलं, एवढं काय पाखराचं!
ताट आपटलं त्यांच्यापुढे.
उद्या बापाचं नाव घेतलं तर कापणी वाचेल, पण सगळी वस्ती त्यांच्या तोंडावर थुंकेल. नाही घेतलं तर विळे गंजतील. या म्हाताऱ्याचं करू तरी काय?

१० फेब्रुवारी, सोमवार
उठले तर खाट रिकामी. वरची चटई वळलेली, दांडा नाही.
आमच्या कापणाऱ्यांतला लंबू धावत आला. बाबा ऑफिसच्या पायरीवर बसलेत, मांडीवर लोखंड घेऊन. म्हणतात, पहिलं माझं लिहून घ्या. आणि पोरीला सांग — आज तिने तोंड उघडायचं नाही.