चेष्टा

देवास
१९ सप्टेंबर २००८

ती. कोमलताईस,

शंतनूचा नमस्कार. आई म्हणते शिरसाष्टांग लिही, तर तोही लिहिला असं समज. इकडे सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा दुखतो, तरी टेकडीवर देवीला जायचं सोडत नाहीत आणि आल्यावर आईकडून शेक घेतात. आईने तुझ्यासाठी लिंबाचं लोणचं घातलंय, मुरलं की पाठवते म्हणाली. विश्वासराव भावोजींची शिफ्ट बदलली का? पीथमपूरची पहाटेची बस त्यांना सोसत नाही असं तू मागे म्हणाली होतीस.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी “नेटवर्क जातंय” म्हणून ठेवून दिला. नेटवर्क होतं. तू विचारलंस, “मधुवंतीने लायब्ररी सोडली, आणि तुझं नाव काढलं की चहा अर्धा ठेवून उठते. काय केलंस रे?” फोनवर तू मध्येच “म्हणजे?” म्हणतेस आणि मी चिडतो. म्हणून कागद घेतला. कागद मध्ये बोलत नाही.

विशेष काही नाही. थोडी बोलाचाली झाली.

आधी आमच्या ट्रेनिंगचं सांगतो, नाहीतर तुला काही उमगणार नाही. धारचं आणि देवासचं, दोन्ही वाचनालयं एकाच संस्थेची, हे तुला माहीत आहे. संस्थेने जूनपासून एक टूम काढली. वाचनालयातल्या सगळ्यांनी इंटरनेटवरच्या नव्या गोष्टी शिकायच्या. मास्तर नाही, वर्ग नाही. धडे एका साइटवर ठेवलेत, ज्याने त्याने आपल्या चालीने शिकायचं. प्रत्येकाचा एक ब्लॉग, म्हणजे भिंतीवर लावलेली वही समज. काय शिकलो ते तिथे लिहायचं आणि बाकीच्यांनी खाली शेरा द्यायचा. सप्टेंबर संपेपर्यंत जे पूर्ण करतील त्या टेम्पररी लोकांना पक्कं करणार.

आमचे गणपतराव, वय अठ्ठावन्न, पहिल्या दिवशी माउस उचलून स्क्रीनला टेकवून बसले. “भिया, हा उंदीर चालत का नाही?” मी हसलो तर म्हणाले, “हसू नकोस, तुझ्या वयात मी टाइपरायटर बिघडवत होतो. बिघडवल्याशिवाय येत नाही.” आता ते रोज ब्लॉगवर सुविचार टाकतात आणि मला शेरा द्यायला लावतात.

आणि ताई, मला ते जमत होतं. कॉलेजात जे कधी झालं नाही ते झालं, मी सकाळी उठून तिकडे जायची वाट बघायचो. आई म्हणाली, पोरगा मार्गी लागला. मीही तेच समजलो. आता खरं सांगतो, धडे मला आवडत होते की नाही ते मला माहीत नाही. धारकडून मधुवंतीचा शेरा यायचा, तो आवडायचा.

तुझ्या गल्लीत राहते म्हणून तुला ती ठाऊक. मला ती आधी नुसती अक्षरांतच ठाऊक झाली. एका धड्यात पुस्तकांना आपल्या मनाने खुणेचे शब्द द्यायचे होते, टॅग म्हणतात त्याला. आम्ही सगळ्यांनी ‘कादंबरी’, ‘इतिहास’, ‘धार्मिक’ असं लिहिलं. हिने एका पुस्तकाला लिहिलं ‘रडू येतं’. एका पाकशास्त्राच्या पुस्तकाला ‘उपाशी वाचू नये’. आमच्या इथल्या दोन बायका काउंटरवर येऊन विचारू लागल्या, ते रडू येणारं पुस्तक आहे का म्हणून. मी तिला ते कळवलं. तिने कळवलं, “मला तर आणखी रडू आलं.” असं सुरू झालं.

तिचं मराठी तू ऐकलंयस. बोलते छान, पण शाळा सगळी हिंदीतली. ‘शाळा’ला ‘शाला’ लिहायची. मी सांगितलं की सुधारायची. हळूहळू ब्लॉगवरून ईमेलवर आलो. जुलैत भावोजींना बरं नव्हतं म्हणून मी दोनदा धारला आलो, ते भावोजींसाठी नव्हतं. तू ओळखलंच असशील. तू तेव्हा ताटात दुसरी पोळी वाढून नुसतं म्हणाली होतीस, “लायब्ररी बंद व्हायच्या आत जाऊन ये.”

आता ते.

ऑगस्टमध्ये आवाजाचा धडा आला. आपला आवाज रेकॉर्ड करून ब्लॉगवर चढवायचा. मी तीन संध्याकाळी खपून एक किस्सा लिहिला, आमच्या वाचनालयात शिरलेल्या आणि नकाशांचं पुस्तक खाणाऱ्या बकरीचा, आणि तो वाचून चढवला. सगळ्यांसाठी म्हणून चढवला, पण वाचला एकीसाठी. दुसऱ्या दिवशी खाली तिचा शेरा होता. शब्दन् शब्द पाठ आहे:

“शंतनूजी, तुमची चेष्टा ऐकली. इथे सगळ्यांना ऐकवली. चारुलताबाई तर खूप हसल्या. अशी चेष्टा आजवर आमच्याकडे कोणी केली नव्हती.”

चारुलताबाई म्हणजे धारच्या ग्रंथपाल. मी म्हटलं, बरं. म्हणजे माझं वाचन तिने सगळ्यांना गोळा करून ऐकवलं, ते सगळे हसले, आणि वर माझी चेष्टा झाली हे मलाच कळवलं. कानशिलं तापली. कॉलेज सोडलं तेव्हा काय झालं होतं ते तुला माहीत आहे. स्टेजवर बोलताना पोरं हसली, आणि मी खाली उतरून एकाची कॉलर धरली. तसंच झालं, फक्त इथे धरायला कॉलर नव्हती. की-बोर्ड होता.

ताई, मी देवासचा. माझंही शिक्षण हिंदीतच झालं. ‘चोरी की चेष्टा’, ‘भागने की चेष्टा’ हे मी रोज सकाळी पेपर स्टँडवर लावताना वाचतो. हिंदीत चेष्टा म्हणजे खटपट, प्रयत्न. मला काय माहीत नव्हतं? ती बिचारी लिहीत होती की तुमचा प्रयत्न ऐकला, सगळ्यांना ऐकवला, बकरीवर बाई हसल्या, असा प्रयत्न आमच्याकडे कोणी केला नव्हता. कौतुक होतं ते. दोन्ही अर्थ माझ्या खिशात होते, आणि मी नेमका तोच काढला ज्याने मला चिडता येईल.

मी काय लिहिलं ते गणपतरावांनी वाचलं, चारुलताबाईंनी वाचलं, तुला कोणी ना कोणी सांगेलच. माझ्याकडून ऐक. मी लिहिलं, “ज्यांना मराठी वाचताना ओळीवर बोट ठेवावं लागतं, त्यांनी दुसऱ्याच्या वाचनाची चेष्टा करू नये. अशांना मराठी वाचनालयात बसवलं कोणी?”

हे बोटाचं मला कसं माहीत, असं तू विचारशील. तिनेच सांगितलं होतं. जुलैत, लायब्ररीच्या पायरीवर. म्हणाली, “कोणी पुस्तक वाचून दाखव म्हटलं तर मी चष्मा घरी राहिला म्हणते. मला चष्माच नाहीये. कोणाला सांगू नका हां.” मी म्हटलं, मी शिकवतो. रोज एक पान फोनवर वाचून घेत होतो तिच्याकडून. अडखळायची, हसायची, पुन्हा सुरू करायची. बोट आता काढलंय म्हणाली होती, मी तो शेरा लिहिला त्याच आठवड्यात.

तेच मी सगळ्यांपुढे टाकलं.

अर्ध्या तासात राग उतरला आणि मी तो शेरा पुसला. पण आमच्या दुसऱ्या धड्यातच फीड शिकवलं होतं. पेपरवाला जसा दाराशी पेपर टाकून जातो, तसं कोणी काही लिहिलं की ते बाकीच्या सगळ्यांच्या पानावर आपोआप येऊन पडतं. तू तुझ्याकडचं पुसलंस तरी त्यांच्या दारातला पेपर राहतोच. तो धडा मी सगळ्यांत आधी पूर्ण केला होता. गणपतरावांना मीच समजावला होता.

ते दुपारी आले, चष्मा कपाळावर. “भिया, हे तू लिहिलंस?” मी हो म्हटलं. चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाले, “माझ्या पानावरून हे कसं काढायचं ते दाखव. मला ते परत दिसायला नको.” दाखवलं. पण प्रत्येकाला कसं दाखवणार?

मी तिला ईमेल केला. चुकलो, तुझ्या शब्दाचा अर्थ मी उलटा घेतला, तू देशील ती शिक्षा मान्य आहे, असं. चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, “शिक्षा तो आपने दे दी, मैंने ले ली।”

मराठीतली शिक्षा म्हणाली की हिंदीतली, म्हणजे शिकवण, मला सांगता येत नाही. दोन्ही लागू पडतात. पण ताई, ती माझ्याशी हिंदीत बोलली. त्याआधी एकदाही बोलली नव्हती. चुकत का होईना, मराठीतच लिहायची.

मग ठरवलं, सगळ्यांपुढे केलं तर माफीही सगळ्यांपुढे मागायची. पानभर लिहिलं. ती किती मेहनतीने वाचायला शिकली, तिने विश्वासाने मला कसं सांगितलं, सगळं. पाठवायच्या बटणावर बाण नेला आणि थांबलो. तेच परत सगळ्यांच्या दारात पडलं असतं, या वेळी माफी म्हणून. पुसून टाकलं. ते मात्र कोणाकडेच गेलं नाही.

तू म्हणालीस तिचे बाबा तिला पीथमपूरला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लावतायत, पहिल्या तारखेपासून. तिला ते नको असणार. तिला पुस्तकं हवीत. चारुलताबाईंनी तिचं नाव अजून काढलेलं नाही, हे मी गणपतरावांकडून काढून घेतलं. तिचे मोजके धडे राहिलेत, आठवडाभर बसली तर होतील. पण रोज ब्लॉग उघडला की तिथे माझं नाव दिसणार. त्या नावासमोर बसून ती काय शिकणार?

म्हणून काल मी ट्रेनिंगमधून नाव काढून घेतलं. ब्लॉगही मिटवला, बकरीसकट. गणपतराव खूप बोलले. “पक्की नोकरी तोंडाशी आलीय आणि तू उठतोस? डोकं फिरलंय का तुझं?” मी म्हटलं, हो. पक्कं करणार नाहीत आता, पण पुस्तकांना कव्हरं घालायला ठेवतील म्हणाले. तिच्या ब्लॉगचं फीडही माझ्या पानावरून काढलं. त्याला एक क्लिक लागते. मला सकाळ लागली.

आता तुझं काम. तिला माफ कर म्हणून सांगू नकोस. माझ्या वतीने रडू नकोस, आणि मी हे तिच्यासाठी केलं असं तर मुळीच सांगू नकोस; मग ती मुद्दाम येणार नाही. सहज बोलता बोलता सांग, “आमच्या शंतनूने ट्रेनिंग सोडलं. कंटाळला. अर्धवट सोडायची सवयच आहे त्याला.” तिचा लगेच विश्वास बसेल. तुझाही बसला असता, नाही?

एवढं सांगून चहा दे, आणि या वेळी पूर्ण पिऊ दे.

ती लायब्ररीत परत गेली तर मला एक मिस्ड कॉल दे. उचलणार नाही, तुझे पैसे जाणार नाहीत. काही विचारणारही नाही. नाही गेली तर फोन करू नकोस. मी मोबाइल काउंटरवर समोर ठेवून कव्हरं घालत असेन.

भावोजींना नमस्कार. आईला यातलं काही कळवू नकोस, तिच्या लेखी मी मार्गीच लागलोय.

तुझा, कोणाच्याही विश्वासाला न उतरलेला,
शंतनू